वणव्याच्या धुरातली शिकार: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

फाल्गुन लागला की भिवंडीभोवतीचे डोंगर वाळून पिवळे पडतात आणि रात्री त्यांच्या अंगावर आगीच्या रेघा चढताना दिसू लागतात. वायव्येला तुंगारेश्वर, उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरीमागचे डोंगर, ईशान्येला तानसा आणि माहुली. या सगळ्यांपासून थोडे दूर, कल्याण रस्त्याला टेमघर आहे. टेमघरात शिकारीचे रान नाही. ट्रक आहेत, गोदामे आहेत, मेट्रोचे स्थानक होऊ घातले आहे. पण त्या डोंगरांतल्या वणव्यांबद्दल आणि वणव्याआडून चालणाऱ्या शिकारीबद्दल चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, फोनवर फिरणाऱ्या व्हिडिओंत जे बोलले जाते, त्यातले बरेचसे चुकीचे आहे. आणि त्याच समजुतींवर विसंबून दर उन्हाळ्यात कोणीतरी काडी ओढतो.

पहिली समजूत अशी की वणवा आपोआप लागतो. ऊन फार झाले, बांबूला बांबू घासला, ठिणगी पडली. ऐकायला हे पटते, कारण त्यात कोणावरच दोष येत नाही. पण ठाणे जिल्ह्यात फेब्रुवारी ते मे या काळात विजा क्वचितच पडतात आणि नुसत्या उन्हाने गवत पेट घेत नाही. भारतातले बहुतेक सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात, हे वनखात्याच्या आणि भारतीय वन सर्वेक्षणाच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे नोंदलेले आहे. कोणी विडी टाकतो, कोणी मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो, कोणी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो आणि वाऱ्याने निखारा बांधापलीकडे जातो. सहलीला आलेले लोक चूल तशीच धुमसत सोडून जातात. आणि काही आगी शिकारीसाठी मुद्दाम लावल्या जातात.

ती रीत जुनी आहे. डोंगराच्या एका अंगाला गवत पेटवायचे, दुसऱ्या अंगाला वाघूर म्हणजे शिकारीचे जाळे लावून किंवा फासे मांडून, कुत्री घेऊन, कधी ठासणीची बंदूक घेऊन बसायचे. धूर आणि आग हाकारा घालतात, माणसांना ओरडावे लागत नाही. दुसरा प्रकार सावकाशीचा. रान जाळून ठेवायचे आणि काळ्या जमिनीत कोवळा कोंब फुटला की तो खायला येणाऱ्या सशावर, भेकरावर रात्री बॅटरीचा झोत मारायचा. तिसऱ्या प्रकारात बिळाच्या तोंडाशी धुरी करून साळिंदराला बाहेर काढतात.

इथे लगेच दुसरी समजूत पुढे येते: ‘हे सगळे आदिवासीच करतात.’ हे म्हणणे मला सगळ्यांत जास्त खुपते. वारली, ठाकूर, मल्हार कोळी, कातकरी यांच्या जगण्यात शिकार होती, हे खरे. पण रान जळाले की मोहाची फुले, रानभाज्या, कंद, सरपण, गुरांचा चारा हे सगळे सर्वांत आधी त्यांचेच जाते. वणवा विझवायला हिरव्या फांद्या घेऊन डोंगर चढणाऱ्यांत पाड्यावरची माणसेच पुढे असतात. वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार दिला आहे आणि अनेक ग्रामसभा तो वापरतात. शिकारीची मागणी मात्र बऱ्याचदा पाड्याबाहेरून येते. रानातले मटण खायची हौस असलेला, गाडी घेऊन येणारा, पैसे मोजणारा गिऱ्हाईक वणव्याच्या बातमीत कुठेच दिसत नाही.

त्याच वनहक्क कायद्याबद्दल एक उलटी समजूतही आहे. २००६ च्या या कायद्याने पारंपरिक शिकारीचा हक्क परत मिळाला, असे काही जण सांगतात. कायद्याच्या तिसऱ्या कलमात पारंपरिक हक्कांची यादी आहे आणि तिच्यातच स्पष्ट लिहिले आहे की शिकार करणे, सापळा लावणे किंवा वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढणे हा हक्क त्यातून वगळला आहे. गौण वनोपज, चराई, मासेमारी आहे. शिकार नाही.

‘वाघ-बिबट्या मारला तर गुन्हा, ससा मारला तर काय होते?’ हा प्रश्न इतक्या सहज विचारला जातो की त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. आपल्या आजोबांच्या काळात परवाना काढून शिकार होत असे. मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता, मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यातही सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. म्हणजे घरातल्या भिंतीवरची शिंगे आणि आजोबांच्या गोष्टी खऱ्या असल्या, तरी त्या आजच्या कायद्याला लागू नाहीत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि प्राण्यांच्या अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या. बिबट्या, घोरपड, खवले मांजर, मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. ससा आणि रानडुक्कर दुसऱ्या. दोन्ही अनुसूचींतल्या प्राण्यांची शिकार बंद आहे. शिक्षेत फरक आहे: पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी, किंवा अभयारण्यात कोणतीही शिकार केल्यास, किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड, इतर बाबतींत तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तानसा आणि तुंगारेश्वर ही दोन्ही अभयारण्ये आहेत. तिथला ससा मारणाऱ्याला ‘नुसता ससा’ हा बचाव उरत नाही.

शिकार म्हणजे गोळी घालून मारणे, एवढाच अर्थ वन्यजीव कायदा घेत नाही. फासे लावणे, हाकून आणणे, आमिष दाखवणे, पकडणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेही शिकारच. म्हणजे गवत पेटवून जनावर हाकलणारा आणि वाघूर धरून बसलेला, दोघेही शिकारी. हाती काही लागले नाही तरीही. शिवाय अभयारण्याला धोका होईल अशी आग लावणे किंवा जळती सोडणे कलम ३० खाली वेगळा गुन्हा ठरतो.

आता सर्वांत जास्त फसवणारी समजूत. ‘मी मारला नाही, वणव्यात होरपळून पडलेला ससा उचलला.’ दिसायला हे निरागस वाटते. पण कलम ३९ प्रमाणे मेलेला सापडलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारी मालमत्ता असतो. तो कोणाच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. तो घरी नेऊन शिजवणे हा गुन्हा आहे. ही तरतूद कठोर वाटली तरी तिच्याशिवाय चालणार नाही, कारण होरपळलेला प्राणी उचलायची मुभा दिली की होरपळवण्यासाठी आग लावणारे तयार होतील.

शेतकऱ्याची अडचण मात्र खरी आहे आणि ती बाजूला सारून चालणार नाही. रानडुक्कर एका रात्रीत भुईमुगाची वाट लावते. म्हणून गावात समजूत आहे की डुकराला मारायची मोकळीक आहे, किंवा पीक संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना असला की पुरे. बंदूक बाळगण्याचा परवाना आणि प्राणी मारण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराबाबत कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती त्या प्रकरणापुरती, अटींसह असते. अभयारण्याच्या दहा किलोमीटर परिसरात राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाला वनखात्याकडे नाव नोंदवावे लागते. नुकसानीची भरपाई मागायचा मार्ग आहे, तो वेळखाऊ आहे, आणि त्याबद्दल शेतकऱ्यांचा राग रास्त आहे. पण डोंगर पेटवल्याने डुकरे कमी होत नाहीत. रानातले अन्न जळाले की ती उलट जास्त शेतात उतरतात.

धुरात शिकार सोपी होते, ही समजूत तरुण पोरांमध्ये अलीकडे वाढली आहे, कारण अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ फोनवर दिसतात. तिथे शिकार परवान्याने, ठरलेल्या हंगामात होते, आणि पश्चिमेकडच्या राज्यांत तो हंगाम वणव्यांच्या धुराच्या दिवसांना येऊन भिडतो. पण २०२० च्या सप्टेंबरात वणवे भडकले तेव्हा कॅलिफोर्नियातली १८ च्या १८ राष्ट्रीय वने लोकांना बंद केली गेली, शिकाऱ्यांनाही. वणवे भडकले की परवाना खिशात असणाऱ्यालाही रानाबाहेर ठेवले जाऊ शकते, एवढे त्या व्हिडिओंत सहसा येत नाही.

धुरात काय होते ते पाहू. नजर काही पावलांवर थांबते. समोर हलणारे डुक्कर आहे की सोबती, हे ओळखता येत नाही. धूर नसतानाही ही चूक होते: २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीतल्या माणसाला त्याच्याच साथीदाराची गोळी लागून जीव गमवावा लागला. त्यात आगीचा वेग. चढावर आग सपाटीपेक्षा खूप जोराने धावते. उतार दहा अंशांनी वाढला की वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा अग्निशमनातला ढोबळ हिशेब आहे. हाकारलेले जनावर वर येईल म्हणून शिकारी माथ्यावर बसतो, आणि आग सर्वांत वेगाने तिथेच पोहोचते. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात मार्च २०१८ मध्ये गवताळ उतारावर वणव्यात सापडून वीसहून अधिक जण गेले. ते शिकारी नव्हते, गिर्यारोहक होते. आग कोणाला विचारत नाही.

तोंडाला ओला रुमाल बांधला की धूर बाधत नाही, असे अजूनही घरोघर सांगितले जाते. रुमाल राखेचे मोठे कण अडवतो. धुरातला घातक भाग अडीच मायक्रॉनहून लहान कणांचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसावा हिस्सा. ते कापडातून सरळ आत जातात आणि फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. एन-९५ मास्क नीट बसवला तर हे कण बऱ्याच प्रमाणात अडतात, पण कार्बन मोनॉक्साइड वायू त्यालाही अडत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. डोंगर चढणारा माणूस बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी पट हवा ओढतो, म्हणजे तितकेच विषही. दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर वणव्याचा धूर जिकडे वाहतो तिकडेही थांबू नये.

प्राण्यांबद्दलची समजूत याहून दुःखद आहे: ‘जनावरे हुशार असतात, पळून जातात.’ मोठी, धडधाकट जनावरे पळतात. ससा बीळ खणत नाही. गवतातल्या खळग्यात दबून बसतो आणि त्याची पिल्ले तर न हलणे हाच एक बचाव जाणतात. कोल्हा जवळून गेला तर हा बचाव कामी येतो, आग आली तर तोच घात करतो. तितर, लावा, टिटवी यांची अंडी जमिनीवर असतात आणि वणव्याचे महिने अनेकदा त्यांच्या विणीचेही असतात. पक्ष्यांची श्वसनयंत्रणा आपल्यापेक्षा फार कार्यक्षम असते, त्यामुळे धुरातले विषही ती भराभर शोषते. खवले मांजर आणि घोरपड बिळात शिरतात. ज्वाळा वरून जातात, पण धूर आत उतरतो.

‘जाळल्याने गवत चांगले येते’ या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते टिकून आहे. वाळका थर जळाल्यावर उजेड मिळतो, राखेतली पोटॅश मिळते आणि कोंब लवकर फुटतो. पण नत्र जळून हवेत जातो, राख पहिल्या सरींत वाहून जाते आणि दरवर्षी जळणाऱ्या माळावर शेवटी कुसळी माजते. तिचे अणकुचीदार बी स्वतःला मातीत खुपसून आगीतून वाचते, आणि पिकलेल्या कुसळीला गुरे तोंड लावत नाहीत. ऐन आणि साग मोठे झाले की झळ सोसतात, त्यांची रोपे नाही. त्यामुळे डोंगर लांबून हिरवा दिसला तरी त्यावर नवे झाड उभे राहत नाही.

राहिली ती टेमघरकरांची समजूत, की डोंगर तिकडे जळतो, आपला काय संबंध. टेमघरला पाणी शुद्ध होते. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी ‘स्टेम’ या पाणीपुरवठा प्राधिकरणाच्या योजनेतून इथे येते आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला जाते. ठाणे महापालिकेच्या योजनेचे पाणी भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्यातून येते, तेही इथेच शुद्ध होते. या नद्यांच्या खोऱ्यांतल्या उघड्या पडलेल्या डोंगरांवरची माती आणि राख पहिल्या पावसात त्यांनाच मिळते, आणि गढूळ पाणी स्वच्छ करायला तुरटी जास्त लागते. हवेचे मात्र नीट सांगितले पाहिजे: टेमघरात नाकाला झोंबणारा धूर बऱ्याचदा वणव्याचा नसतो, कचऱ्याचा, भंगारातल्या प्लॅस्टिकचा आणि वाहनांचा असतो. त्याचे खापर डोंगरावर फोडू नये.

वनखात्याचा वणवा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा असतो. उपग्रहांवरून टिपलेल्या आगीच्या सूचना भारतीय वन सर्वेक्षण मोबाईलवर पाठवते आणि कोणताही नागरिक त्यासाठी नाव नोंदवू शकतो. पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. संध्याकाळी लावलेली लहान आग त्याच्या नजरेतून सुटू शकते, रस्त्यावरून जाणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. वनखात्याच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ मदतवाहिनीचा क्रमांक १९२६ आहे. फोन करताना कोणता डोंगर, जवळचा पाडा कोणता, आग चढते आहे की उतरते आहे आणि वारा कुठून आहे, एवढे सांगितले तर वनरक्षकाला जाळरेषा कुठे काढायची ते ठरवता येते. आगीपलीकडे वाघूर लावलेली किंवा बंदूक घेतलेली माणसे दिसली, तर तेही त्याच फोनवर सांगावे, आणि स्वतः त्यांच्या अंगावर जाऊ नये.