बंदी बंदरावरच थांबली

चिपळूणच्या वाड्यांवर गावठी कोंबडी दिवसभर परसात कण्या-किडे टिपते आणि तिन्हीसांजेला खुराड्यात शिरते. पाहुणा आला की तीच वड्यांबरोबर पानात येते. तिला मारतात, पण जिवंतपणी तिच्या नरड्यात कुणी बळजबरीने दाणे कोंबत नाही.

फ्रान्समध्ये 'फ्वा ग्रा' या महागड्या पदार्थासाठी नेमके हेच केले जाते. बदक साधारण तीन महिन्यांचे झाले की पुढचे दीड-दोन आठवडे रोज घशात नळी घालून त्याला मका भरवतात. यकृतात चरबी साठते, ते सहा ते दहापट फुगते आणि तेच विकले जाते. प्रथा जुनी आहे. इजिप्तमध्ये सक्कारा येथील थडग्यांवर पक्ष्यांना कोंबून भरवण्याची चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शिल्पे आहेत. फ्रान्सने तर २००६ मध्ये फ्वा ग्राला कायद्यानेच सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

पण प्रथा जुनी म्हणून यातना कमी होत नाहीत. इस्रायल हा तेव्हा या धंद्यातला मोठा देश होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये या पद्धतीला मुभा देणारे नियम अवैध ठरवले. कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये बंदीचा कायदा केला आणि तो २०१२ पासून लागू झाला.

भारताने जुलै २०१४ मध्ये फ्वा ग्राची आयातच बंद केली. निर्णय मोलाचा होता, पण तो व्यापारधोरणाचा. उद्या इथल्याच एखाद्या फार्मवर नळी आली तर हा आदेश तिथे पोचत नाही. मग उरतो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम ११ मध्ये क्रूरतेची सर्वसाधारण व्याख्या आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाने कुठला धंदा थांबेल?

याच कायद्याचे कलम १२ मात्र वेगळी वाट दाखवते. जास्त दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणारा 'फुका'चा अघोरी प्रकार त्यात नाव घेऊन निषिद्ध केला आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे अन्न मिळवण्याची एखादी रीत क्रूर असेल, तर तिचे नाव घेऊन ती बंद करता येते, हे आपल्या संसदेने तेव्हाच मान्य केले होते.

हे काम दिल्लीवरच सोपवायला नको. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. शर्यतींसाठी वापरलेला हा अधिकार मुक्या पक्ष्यांसाठीही वापरता येईल. रुजलेला धंदा मोडताना हजारोंच्या पोटाचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे तो रुजण्याआधीच महाराष्ट्राने या बळजबरीचे नाव घेऊन तिच्यावर बंदी घालावी.