पाय इथले, मैदान दुसरीकडचं

बीड जिल्ह्यात खेळाडूंची वानवा आहे असं कुणी म्हणू नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य मिळवलं. केनियाच्या अब्राहम किबिवोटपेक्षा तो एका सेकंदाचा विसावा हिस्सा मागे राहिला, एवढंच. पुढच्याच वर्षी हांगझोऊला त्यानं आशियाई सुवर्ण जिंकलं. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला ५७ किलो गटात कुस्तीचं सुवर्ण आणलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा नेपाळला ७८-४० असं हरवणाऱ्या भारतीय मुलींची कर्णधार होती प्रियांका इंगळे. तिचं मूळ गाव केज तालुक्यातलं.

आता हे तिघं घडले कुठे ते बघा. साबळेला स्टीपलचेस भेटली ती सैन्यात गेल्यावर. तोवर तो सियाचीनच्या बर्फातही नोकरी करून आला होता. आवारे पुण्याच्या तालमीत, हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या हाताखाली तयार झाला. इंगळेच्या घरच्यांनी पिंपरी-चिंचवड गाठलं, म्हणून तिला शाळकरी वयात खो-खोचं मैदान मिळालं. पाय बीडचे आणि मैदान दुसरीकडचं. जे गाव सोडून गेले नाहीत, त्यांच्यातल्या कुणाचे पाय किती चालले असते हे कुणी मोजलंच नाही.

म्हणून हा परिचय एका अशा संस्थेचा, जिला बहुतेक ठिकाणी पाटी नसते, नोंदणी नसते आणि बँकेत खातंही नसतं: शाळेच्या मैदानावर शाळेच्या वेळेबाहेर भरणारा, फी न घेणारा मुलांचा व्यायामवर्ग. कुणी त्याला मंडळ म्हणतं, कुणी शाखा, हल्ली कुणी क्लब. माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड आणि त्याच्या आजूबाजूचा तेलगाव-सिरसाळ्याचा पट्टा डोळ्यापुढे ठेवून मी हे लिहितो आहे. असा वर्ग चालवायला जगात सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड जागा हीच असावी. सोपी, कारण मुलं काटक, शाळेला आवार आणि घरापासून शाळा चालत. अवघड का, ते पुढे येईल.

आधी थोडं मागचं. मराठवाड्यात व्यायामशाळा ही एके काळी साधी गोष्ट नव्हती. निजामाच्या राज्यात जाहीर सभेला परवानगी लागे, खासगी शाळेला लागे आणि आखाड्यालाही लागे. १९३८-३९ मध्ये आर्य समाजानं हैदराबाद संस्थानात सत्याग्रह केला, तेव्हाच्या तक्रारींत आखाड्यांवरचे निर्बंधही होते. दहा पोरं रोज एका जागी जमून जोर काढतात याची राज्यकर्त्यांना धास्ती वाटावी, हे आज वाचताना गंमतीचं वाटतं. पण त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. रोज ठरल्या वेळी जमणारी पोरं पुढे आणखी कशासाठीही जमू शकतात.

संस्थानाबाहेर मात्र ही चळवळ उघड फोफावली होती. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्याच मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुण्यात १९४१ च्या जूनमध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्यानं बांधणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. दलाची शाखा म्हणजे शाळेचं पटांगण किंवा गावातली मोकळी जागा, संध्याकाळचा तासभर, मुलं-मुली एकत्र, लेझीम, खो-खो, कवायत, मग गाणी आणि गोष्ट. शिकवणाऱ्याला पगार नाही, शिकणाऱ्याला फी नाही. ही घडण इतकी साधी आहे की तिच्यात मोडण्यासारखं काही नाही. मोडतो तो फक्त माणूस, त्याची बदली होते किंवा त्याचं लग्न होतं.

बाहेरच्या जगानं हेच अलीकडे नव्यानं शोधलं. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेत एलेन वायली या मुख्याध्यापिकेनं २०१२ मध्ये मुलांना रोज पंधरा मिनिटं बाहेर पळवायला सुरुवात केली. गणवेश बदलायचा नाही, शर्यत नाही, दमलं तर चालायचं. तो 'डेली माइल' आज कितीतरी देशांत पोचला आहे. आमच्याकडे त्यासाठी वेगळं नाव घेण्याची गरज नाही. परिपाठाच्या आधी शाळेला चार फेऱ्या मारायला लावणारे गुरुजी पुष्कळांनी पाहिले आहेत.

दिंद्रुडसारख्या गावात आज पहाटे पाच वाजता मैदानावर कोण असतं? भरतीची पोरं. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० मीटरला पैकीच्या पैकी गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यायचं. हा आकडा या भागातल्या कुठल्याही विशीतल्या पोराला झोपेतून उठवून विचारा. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, पायात बाजारातले स्वस्त बूट, आणि रस्त्याच्या कडेनं कारखान्याच्या ट्रॅक्टरांना वाट देत पळणं. जिद्दीला तोड नाही. पण वयाच्या विसाव्या वर्षी पहिल्यांदा पळायला लागलेल्या पोराची नडगी दुखते, गुडघा सुजतो, आणि लेप लावून तो पुन्हा पळतो. हेच पाय बाराव्या वर्षी मैदानात आले असते तर पळणं अंगात मुरलं असतं. भरतीच्या अकॅडम्या पैसे घेतात आणि सहा महिन्यांत गुण काढून द्यायचं बघतात. त्यात त्यांचा दोष नाही, धंदाच तो आहे. शाळकरी मुलांसाठीचं मैदान हा धंदा होऊ शकत नाही, म्हणून ते फुकटच असावं लागतं.

असा वर्ग सुरू करायचा तर कशानं करावा? माझं मत विचाराल तर खो-खोनं. क्रिकेटला बॅट लागते, आणि बॅट ज्याची त्याचीच बॅटिंग. कबड्डी उत्तम, पण खडीच्या आवारात गुडघे फुटतात. खो-खोला दोन खांब, फक्कीची एक गोणी आणि एक शिट्टी. २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा. आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. एकदा दिशा घेतली की त्याला मागे वळता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. ओलांडायची तर बसलेल्या भिडूला मागून खो द्यायचा आणि त्याची जागा घ्यायची. बाहेरून बघणाऱ्याला ही पळापळ वाटते, खरं कसब मात्र उठण्यात आहे. नवशिका भिडू खो मिळाल्यावर आधी उभा राहतो, मग बघतो, मग पळतो. तेवढ्यात समोरचा धावक तीन पाट्या पुढे गेलेला असतो. शिकलेला भिडू बसतो तोच एक पाय मागे, एक पुढे आणि बोटं जमिनीला टेकवून. खो ऐकू येताच त्याचं पहिलं पाऊल उभं राहण्याचं नसतं, पळण्याचंच असतं. चांगला शिकवणारा पहिले पंधरा दिवस पोरांना पळूच देत नाही, बस-ऊठ करायला लावतो. पोरं कुरकुरतात, घरी जाऊन मांड्या दुखल्याचं सांगतात, आणि महिन्यानं त्यांच्याकडे बघावं.

पुढचे धडे आपोआप येतात. धावक बसलेल्यांमधून नागमोडी पळत एकेरी साखळी घालतो, मग दुहेरी. कुणी खांबाजवळ हुलकावणी देतो. पाठलाग करणारा खांबाला हात घालून सूर मारतो आणि मातीवर पोट घासत दुसऱ्या बाजूच्या धावकाच्या टाचेला बोट लावतो. हे करताना अंगाला खरचटतं, म्हणून मैदानातले खडे वेचणं हा रोजच्या वर्गाचा पहिला भाग. पाच मिनिटं सगळ्यांनी वाकून खडे वेचायचे. अंग मोकळं होतं ते वेगळंच.

आता अवघड भाग. या जिल्ह्याचं कॅलेंडर शाळेच्या भिंतीवर नसतं, ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीत असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या ट्रॅक्टरवर संसार लादून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, परततात उन्हाळ्यात. शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्याला पावसाळ्यात सुरू होतात, मग जिल्हा, विभाग, राज्य. म्हणजे चौदा वर्षांखालचा संघ जेमतेम जमून आला, तालुक्याला जिंकला, की ऐन वेळी त्यातली तीन-चार पोरं फडावर. नऊ जणांच्या खेळात तिघं गेले की संघच गेला. ज्यांना वर्षभर वर्ग चालवायचा आहे त्यांनी हे आधीच धरून चाललं पाहिजे. जूनमध्येच बारा नव्हे तर वीस पोरं तयार करायची, आणि नोव्हेंबरनंतर मागे राहिलेल्यांचा वेगळा मेळ घालायचा. जिल्हा परिषदेच्या शाळांत हंगामी वसतिगृहं चालतात. आईबाप फडावर गेलेली मुलं तिथे जेवतात. काही आजीकडे झोपतात. त्यांची संध्याकाळ रिकामी असते आणि जड जाते. व्यायामवर्गाची खरी गरज त्याच महिन्यांत असते, नेमका तेव्हाच संघ नाही म्हणून तो बंद पडतो. मला यात संघाचा मोह हीच अडचण दिसते. पाच पोरं असतील तर लंगडी घ्या, दोरीवरच्या उड्या घ्या, पण वर्ग बंद ठेवू नका.

मुलींचं गणित निराळं. सातवीपर्यंत त्या पोरांच्या बरोबरीनं खेळतात, आठवीला एक-एक कमी होत जाते. बालविवाहांच्या बाबतीत राज्यात बीडचं नाव वरच्या रांगेत येतं, आणि फडावर जाताना वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची हा आईबापांपुढचा खराखुरा प्रश्न असतो. त्याला व्यायामवर्ग उत्तर देऊ शकत नाही. पण काही गोष्टी वर्गाच्या हातात आहेत. वेळ उजेडातली ठेवायची. मैदानावर एखादी ताई असलीच पाहिजे, मग ती अंगणवाडीची असो, भरतीची तयारी करणारी असो की माहेरी आलेली जुनी खेळाडू असो. आणि दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात हे वडिलांना समोर बसवून सांगायचं. खेळानं तब्येत सुधारते हे ऐकून कुणी मुलीला पाठवत नाही, गुण म्हटलं की विचार करतात.

राहिला शिकवणारा. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान हवं असं म्हटलं, सहावी ते आठवीत शंभरावर पट असेल तर शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकही हवा असं म्हटलं. कागदावर हे ठीक आहे. गावात प्रत्यक्ष उपलब्ध असणारी माणसं दोन प्रकारची. एक, पस्तिशी-चाळिशीत सैन्यातून निवृत्त होऊन परतलेले फौजी. अंगात शिस्त, पहाटे उठण्याची सवय आणि पेन्शन. दुसरे, भरतीच्या वयातून बाद झालेले. खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३ ही पोलीस शिपाई भरतीची मर्यादा. ती ओलांडलेल्या तरुणाला गाव 'गेलेली केस' समजतं. खरं तर आठ-आठ वर्षं रोज पळून त्याला शरीराबद्दल जे कळलेलं असतं ते कुठल्याही प्रमाणपत्रात येत नाही. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीनं त्याला फाटकाची किल्ली विश्वासानं द्यावी आणि शाळेतल्या एखाद्या शिक्षकानं अधूनमधून येऊन नजर ठेवावी. मुलांशी एकट्यानं काम करणाऱ्या कुणावरही, कितीही भला असला तरी, नजर असलीच पाहिजे.

असं आयुष्यभर करणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. मुंबईत शिवाजी पार्कला १९२५ पासून चालत आलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी कस्टम्समधली नोकरी सांभाळून मल्लखांब शिकवला, अंध मुलांनाही शिकवला. २०१९ मध्ये तिथेच पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र हे उदाहरण देताना मला नेहमी थोडी भीती वाटते. अशा एकाकडे बोट दाखवून बाकी सगळ्यांकडून आपण फुकट सेवेची अपेक्षा करू लागतो.

मुलांसाठी वर्ग फुकट असावा, शिकवणाऱ्यासाठी तो पदरमोडीचा नसावा. पेट्रोल, शिट्टी, फक्की, वर्षातून एकदा दोरखंड आणि पोरांना तालुक्याला न्यायचं गाडीभाडं, एवढा खर्च ग्रामपंचायतीनं स्वनिधीतून उचलावा. गावातले पुढारी टी-शर्ट देतात, त्यावर स्वतःचा फोटो छापतात आणि चषकाला आजोबांचं नाव देतात. देऊ द्या. पण पोरांना टी-शर्टापेक्षा खेळून झाल्यावरचे मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा जास्त उपयोगी पडतो. तो रोज कोण देणार हे जूनच्या ग्रामसभेतच ठरवून घ्यावं, कारण दिवाळीनंतरच्या ग्रामसभेला अर्धं गाव फडावर असतं.