जंगलात शिबिराला केव्हा जावे?

शाळांची निसर्गशिबिरे बहुधा डिसेंबरात भरतात. नाताळची सुट्टी असते, हवा गार असते, वार्षिक परीक्षा दूर असते. सोय म्हणून हे ठीकच आहे. पण या दिवसांत सागाच्या जंगलात गेलेली मुले अनेकदा एक चुकीचा निष्कर्ष घेऊन परततात : थंडी पडली, म्हणून पाने गळू लागली. युरोप-अमेरिकेतल्या पानगळीची रंगीत चित्रे त्यांनी पाहिलेली असतात. त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो.

आपल्याकडची पानगळ हा मुख्यतः पाण्याचा हिशेब आहे. त्याचा पुरावा महाबळेश्वर ते वाई या एका रस्त्यावर मिळतो. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६ मीटर पाऊस पडतो, तर पूर्वेला तीसेक किलोमीटरवर असलेल्या वाईला एक मीटरही पडत नाही. जानेवारीत वर थंडी अधिक, तरीही जांभूळ, अंजनी, पिसा ही झाडे हिरवीगार असतात. खाली हवा उबदार, तरी टेकड्यांवरची झाडे उघडी पडू लागलेली असतात. थंडीने पाने गळत असती, तर चित्र नेमके उलटे दिसले असते.

अर्थात पावसाची नुसती बेरीज पुरेशी नाही. जमिनीत ओल किती महिने टिकते, हे महत्त्वाचे. म्हणून एकाच डोंगराचा उतार बोडका झालेला असताना त्याच्या पायथ्याच्या ओढ्याकाठी करंज आणि उंबर हिरवे दिसतात.

कार्बन डायऑक्साइड घेण्यासाठी पानांना आपली पर्णरंध्रे उघडावी लागतात, आणि ती उघडली की त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. जमीन कोरडी पडल्यावर हा खर्च परवडत नाही. पाने टाकून देणे हा तो थांबवण्याचा उपाय.

इथवर सगळे सरळ आहे. खरी गंमत मार्चमध्ये सुरू होते. पावसाला अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो, ऊन तापलेले असते, आणि अशा वेळी कुसुमाच्या झाडाला लालभडक पालवी फुटते! पळस व सावर त्याआधीच निष्पर्ण फांद्यांवर फुललेले असतात. मोहाची फुले पहाटे टपटप पडत असतात आणि मागोमाग त्याची तांबूस पाने येतात. 'पाऊस आला की पालवी फुटते' हे वाक्य इथे कोलमडते.

मग पाणी येते कोठून? पाने गळल्यावर खर्च जवळजवळ थांबतो, पण मुळे खोलवरच्या ओलाव्यातून थोडे थोडे पाणी ओढतच राहतात. खोडाच्या ऊतींत ते पुन्हा भरते आणि कळ्या उमलण्याइतका दाब तयार होतो. काही जातींमध्ये मार्चनंतर वाढत जाणारा दिवस हा पालवीचा इशारा ठरतो, असे संशोधनात दिसले आहे. पाऊस येईपर्यंत पाने तयार असतात, हा झाडाचा फायदा. शिवाय पावसाबरोबर अळ्या-किड्यांची झुंबड उडते, तोवर ही पाने जून झालेली असतात. साग मात्र यात सामील होत नाही. तो पावसाच्या तोंडावरच पालवतो. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांची ही दोन धोरणे मुलांना दाखवावीत, असे आम्हाला फार वाटते.

म्हणून आमची शिफारस अशी, की एकाच पानझडी जंगलात दोनदा जावे : एकदा दिवाळीच्या आसपास, पाने शाबूत असताना, आणि एकदा मार्चच्या उत्तरार्धात. हा परीक्षांचा हंगाम आहे, हे आम्ही जाणतो. एक रात्र आणि दोन सकाळी पुरेत. पहिल्या भेटीत दहा झाडे ठरवून त्यांच्या जागा नकाशावर मांडाव्यात, आणि दुसऱ्या भेटीत त्याच झाडांवर जुनी पाने, पालवी, फुले किती आहेत ते नोंदवावे. शाळेच्या आवारातल्या झाडांची नोंद वर्षभर दर आठवड्याला ठेवता येते. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'सीझनवॉच' उपक्रमात देशातल्या अनेक शाळांनी हेच केले आहे.

सदाहरित जंगलाला हा नियम लागू नाही. तेथे पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जावे. जुलैत जळवा आणि अचानक फुगणारे ओढे यांच्यामुळे मुलांचा मुक्काम धोक्याचा असतो.

मुक्कामाबद्दल थोडे. अभयारण्यात वा व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तेथे तंबू ठोकता येत नाही. वनखात्याची परवानगी घेऊन जंगलाच्या कडेला राहावे. मार्चमध्ये जमिनीवर वाळक्या पानांचा जाड थर असतो, तेव्हा शेकोटी नको म्हणजे नकोच. कड्याखाली किंवा मोठ्या झाडाखाली थांबण्यापूर्वी वर आग्या मोहोळ नाही ना, ते पाहून घ्यावे, आणि मुलांना उग्र वासाचे अत्तर लावून येऊ देऊ नये.