बियाणे कोणते राखावे? पेशीविभाजनाचा बोध

संकरित ज्वारीचे पीक भरघोस आले म्हणजे त्यातीलच निवडक कणसे पुढील पेरणीसाठी राखावीत, असे पुष्कळ शेतकऱ्यांना वाटते. परंतु असे बी पेरले असता ताटे उंच-ठेंगणी निघतात, कणसे मागेपुढे निसवतात व उत्पन्न घटते. उलट, उसाचे बेणे आपल्याच मळ्यातून घेतले तरी जात बदलत नाही. या भेदाचे कारण पेशींच्या विभाजनात आहे.

प्रत्येक वनस्पती सूक्ष्म पेशींची बनलेली असते. पेशीत केंद्रक असते व केंद्रकात धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. पिकाची उंची, दाण्याचा रंग इत्यादी गुण मुख्यतः त्यांतून पुढे येतात. ज्वारीच्या पेशीत २० गुणसूत्रे असतात. त्यांपैकी १० मादीकडून व १० नराकडून आलेली असून त्यांच्या १० जोड्या होतात.

विभाजनाचे प्रकार दोन आहेत. पहिला प्रकार वाढीचा होय. मुळांची टोके, शेंडे व डोळे यांतील पेशी विभागण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते आणि दोन्ही नव्या पेशींना पूर्ण संच मिळतो. टिपरीवरील डोळा फुटून उसाचे बेट वाढते ते याच रीतीने. म्हणून ते मूळ उसासारखेच निपजते.

दुसरा प्रकार फुलात घडतो. पराग व बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र पुढे जाते. कोणत्या जोडीतील कोणते जावे, हे दैवाधीन असते. अशा रीतीने १० जोड्यांतून १,०२४ प्रकारचे संच होऊ शकतात. नर व मादी संचांची जुळणी तर दहा लाखांहून अधिक प्रकारे संभवते. संकरित वाणाचे आईबाप भिन्न असल्यामुळे या फेरवाटणीत गुण विखुरतात आणि संकराचा जोम ओसरतो. भारतातील पहिली संकरित ज्वारी, सी. एस. एच. १, ही १९६४ साली प्रसारित झाली. तिला व तिच्यानंतरच्या संकरित वाणांना हाच नियम लागू आहे.

मालदांडी ३५-१ सारख्या सरळ वाणात मात्र जोडीतील दोन्ही गुणसूत्रे बहुतांशी सारखी असतात. फेरवाटणी झाली तरी फारसा फरक पडत नाही.

यावरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. संकरित वाणाचे बी दरवर्षी नवीन घ्यावे.

२. सरळ वाणाचे बी घरी राखण्यास हरकत नाही. मात्र शेजारच्या अन्य वाणाचा पराग येणार नाही अशा जागेतील शुद्ध कणसेच निवडावीत.

३. उसाचे बेणे निरोगी मळ्यातीलच घ्यावे. डोळ्यातून जात टिकते, तसाच काणी व गवताळ वाढ यांसारखा रोगही बेण्याबरोबर पुढील पिकात जातो.

ग्रामसेवकांनी राखलेल्या संकरित बियाचा एक तास व नवीन बियाचा एक तास शेजारी-शेजारी पेरून दाखवावा. निसवणीच्या वेळी दोहोंतील फरक शेतकऱ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.