करडईचे तेल, बोअरचे पाणी आणि तुंबलेला डिशवॉशर

डिशवॉशरच्या तळाशी पाणी साचून राहिले की घरात पहिला संशय पंपावर जातो. पंप बऱ्याचदा धडधाकट असतो. अडथळा असतो त्याच्या अलीकडे, गाळणीत, नाहीतर पलीकडे, बेसिनखाली गेलेल्या नळीत. आणि तो बहुतेक वेळा ओशट असतो.

नांदेड-लातूरकडच्या घरातला हा ओशटपणा थंड देशांतल्यासारखा नसतो. तिकडे लोणी आणि मांसाची चरबी गार पाइपात गोठते, तेव्हा गरम पाणी सोडले की निम्मे काम होते. इकडे वनस्पती तूप, साय आणि बासुंदीची पातेली सोडली तर गोठणारे फार थोडे. करडईचे किंवा सोयाबीनचे तेल डिसेंबरच्या पहाटेही पातळच असते. तरी पाइप तुंबतो, याची कारणे तीन.

पहिले कारण तेलाच्या स्वभावातच आहे. करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलिक आम्लाचा असतो. अशा तेलाचा पातळ थर हवेत राहिला की ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट, चामट होतो. म्हणून तर हे तेल रंग आणि व्हार्निशमध्येही वापरतात. तेलाच्या बरणीच्या बुडाला आणि एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांना धरणारा पिवळा चिकटा तोच. सोयाबीन तेलही थोड्या प्रमाणात हेच करते. चिकटा एकदा मुरला की तो नुसत्या गरम पाण्याला दाद देत नाही.

दुसरे कारण पाणी. काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असू शकतात. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही त्याची घरगुती खूण. डिशवॉशरची पावडर अल्कधर्मी असते. तिच्यामुळे तेलाचा काही भाग साबणात बदलतो आणि क्षारांशी गाठ पडताच त्या साबणाचा पांढरट, मेणासारखा, न विरघळणारा साका होतो. तिसरे कारण शेंगदाण्याचे कूट आणि येसराचे पीठ. पाण्यात फुगून ते या साक्याला माती-चुन्यासारखे बांधून ठेवतात.

रविवारच्या जेवणानंतर गाळणी उजेडात धरली की हे तिन्ही एकत्र दिसतात: जाळीवर पिवळसर तकतकीत पापुद्रा, नखाने ओढल्यावर पट्टीसारखा निघणारा, आणि त्यात अडकलेली दाण्यांची लाल टरफले, एखादी मोहरी, कढीपत्त्याची शीर.

काम सुरू करण्याआधी प्लग काढावा आणि नळ बंद करावा. भांडी ठेवायची खालची जाळी बाहेर घेऊन तळातले पाणी स्पंजने टिपावे. बहुतेक यंत्रांत गाळणी डावीकडे फिरवली की सुटते. ती सोसवेल इतक्या गरम पाण्यात भांड्यांच्या साबणासह पंधरा-वीस मिनिटे बुडवून जुन्या टूथब्रशने घासावी. तारेची घासणी लावली तर जाळी फाटते. गाळणीखालच्या खळग्यात हात घालताना जपावे, फुटलेल्या काचेचा तुकडा तिथेच जाऊन बसतो. फवाऱ्याची पाती काढून प्रत्येक भोक टाचणीने मोकळे करावे. एवढे करूनही पाणी जात नसेल तर बादली ठेवून मागची नळी सोडवावी. ती बेसिनच्या सापळ्याला जिथे जोडलेली असते, त्या तोंडाशी साक्याचा बोळा हमखास सापडतो. नळी जोडताना तिचा एक वळसा उंच बांधावा, म्हणजे बेसिनचे ओशट पाणी उलटे यंत्रात येत नाही.

शेवटी रिकामे यंत्र 65 ते 70 अंशांवर डिशवॉशरच्याच पावडरीसह चालवावे. पांढरे क्षार उरले असतील तर दुसऱ्या फेरीत सायट्रिक आम्ल वापरावे. संडास साफ करण्याचे आम्ल स्टील खाते, कॉस्टिकची पूड रबर आणि ॲल्युमिनियमला बाधते. दोन्ही यंत्राबाहेरच बरी. भांड्यांचा पातळ साबणही गाळणी घासण्यापुरताच. तो यंत्रात ओतला तर फेस दाराबाहेर येतो.

पुन्हा तुंबू नये यासाठी सगळ्यांत मोठे काम करते ते यंत्रातले मीठ, आणि नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. तळातली रेझिनची टाकी पाण्यातले कॅल्शियम धरून सोडियम सोडते. मीठ तिला पुन्हा ताजी करते. हे मीठ जाडे, शुद्ध, डिशवॉशरचे म्हणून मिळते ते घ्यावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. यंत्रावरचा कठीणपणाचा आकडा आपल्या घरच्या पाण्यानुसार लावावा लागतो. लातूरमध्ये अडचण अशी, की पाणी एकाच ठिकाणचे नसते. मांजरा धरण आटले तेव्हा, एप्रिल 2016 मध्ये, शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. एरवीही नळ, बोअर आणि टँकर यांचे पाणी एकाच टाकीत पडते. स्रोत बदलला की तो आकडाही बदलायला हवा.

पाणी वाचवण्याच्या सवयीने लहान, कोमट प्रोग्रॅम लावला जातो. रोजच्या ताटांना तो पुरतो, तर्रीच्या पातेल्याला नाही. आठवड्यातून एकदा गरम फेरी हवीच. पातेले आधी भाकरीच्या तुकड्याने निपटून घेतले तर निम्मे तेल यंत्रापर्यंत पोचतच नाही, आणि तांब्याभर पाणीही वाचते. फेरी चालू असताना वीज गेली तर पाणी गार होऊन तवंग भांड्यांवर आणि जाळीवर बसतो. वीज आल्यावर काही यंत्रे उरलेले काम आपोआप पुरे करतात. जी करत नाहीत, त्यांत फेरी पहिल्यापासून लावावी.

गाळणी बसवून यंत्र चालवल्यावरही खळग्यात थोडे स्वच्छ पाणी उरते. ते तुंबलेले नसते. बहुतेक यंत्रांत तेवढे पाणी राहतेच.