हेरवाडचा ठराव आणि ‘लोक काय म्हणतील?’

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये इथल्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

आता गंमत बघा. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. मग त्याने काय साधतं? माझ्या मते, बरंच काही. अशा प्रथा मनापासून पटतात म्हणून टिकतात असं नाही. घरातल्या सुनेच्या बांगड्या फोडताना सासूलाही नको वाटत असतं. पण भावकी काय म्हणेल, या धाकाने हात चालतो. आणि भावकीतल्या प्रत्येकाला हाच धाक! एकट्या घराने प्रथा मोडली तर ते घर बोलणी खातं. सगळ्या गावाने एकदम, सगळ्यांसमक्ष मोडली, तर बोलणार कोण? शिवाय ‘गावाचा ठराव आहे’ असं म्हणून कुठलीही सासू सुटते.

ही युक्ती तशी जुनीच. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला एकत्र नकार दिला होता. एकट्यादुकट्याचं गिऱ्हाईक तुटलं असतं. सगळेच अडून बसल्यावर जायचं कुणाकडे?

अर्थात, ठराव झाला म्हणजे विधवेला हळदीकुंकवाचं आमंत्रण आलंच, असं नाही. ते शेजारणीच्याच हातात.