दलदल : निरुपयोगी कीं उपकारक ?

दलदल सुकवून शेत पिकविणें किंवा वृक्ष लावणें यांस आपण सत्कृत्य समजतों. परंतु हा नियम सर्वत्र लागू पडत नाहीं, हें ब्रिटनच्या अनुभवावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

थंड व पाणथळ प्रदेशांत शेवाळ-गवत मरतें. पण पाण्याखालीं प्राणवायु न मिळाल्यामुळें तें पुरतें कुजत नाहीं. सहस्रावधि वर्षें असे थर सांचून जी काळी माती बनते, तिला ‘पीट’ म्हणतात. पृथ्वीवरील भूमीच्या शेंकडा सुमारें ३ भागांवरच ती आढळते. तथापि जगांतील सर्व अरण्यवृक्षांत नाहीं इतका कर्ब तिच्या पोटांत आहे. या ठेवीचें कुलूप म्हणजे पाणी. चर खणून तें काढलें कीं हवा आंत शिरते, माती कुजूं लागते, आणि कर्बाम्लवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आकाशांत जाऊन पृथ्वीची उष्णता वाढवितो.

याचा साक्षी पूर्व इंग्लंडांतील होम फेन येथें उभा आहे. १८५१ च्या सुमारास शेजारचें सरोवर आटवितांना तेथें एक लोखंडी स्तंभ माथ्यापर्यंत पुरला. आज तो सुमारें ४ मीटर उघडा आहे. स्तंभ वर आला नाहीं. भूमि खालीं गेली! कांहीं माती दबली, कांहीं वायुरूप झाली.

उत्तर स्कॉटलंडांतील ‘फ्लो कंट्री’ प्रदेशांत १९८० नंतर करसवलतीच्या लोभानें धनिकांनीं पीटावर चर पाडून सूचिपर्णी वृक्ष लावले. १९८८ सालीं सवलत बंद झाली. पुढें तेच वृक्ष तोडून व चर बुजवून दलदल पुन्हां सजीव करण्याचें काम सुरू झालें, आणि २०२४ सालीं हा प्रदेश जागतिक वारसा ठरला.

मग शेतकऱ्यानें खावें काय ? इंग्लंडचा पुष्कळ भाजीपाला याच काळ्या मातींत पिकतो. सर्व शेतें बुडविणें शक्य नाहीं. परंतु भूमिगत पाणी थोडें वर आणणें शक्य आहे. २०२१ च्या एका संशोधनानुसार तें १० सेंटिमीटर वर आल्यास हेक्टरीं वर्षास किमान ३ टन कर्बाम्लवायूइतकी उष्णताकारक बाधा टळते. मात्र पाणी अगदीं पृष्ठभागास भिडल्यास मिथेन वायु वाढतो. म्हणून प्रमाण राखलें पाहिजे. जेथें भूमि ओलीच ठेवावयाची, तेथें पाणकणीस, छपराचे नळ व शेवाळ यांची लागवड करून पाहिली जात आहे.

माती झिजून संपली म्हणजे शेतीहि संपणारच. तेव्हां पाणी राखण्यांत शेतकऱ्याचा स्वार्थ आणि जगाचा परमार्थ हीं दोन्ही एकत्र नांदतात.